नऊ वाजताची पापणी

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून तोंडं वाकडी करू नका. पंचेचाळीस वर्षं झाली, या फाट्यावर मी गोष्टी सांगतो. माझा बसएवढा मासा लोकांनी हसत हसत का होईना, गिळला. एका पुरात मी कोंबड्यांच्या खुराड्यावर बसून थेट सिरोंच्यापर्यंत वाहत गेलो आणि वाटेत कोंबडीनं दिलेली तीन अंडी उकडून खाल्ली, तेही गिळलं. पण ही गोष्ट काढली की माणसं अर्ध्या चहावर उठतात. म्हणतात, उमाजीभाऊ, आता हद्द झाली.

गोष्ट एवढीच, की एका माणसाची नोकरी नव्वद दिवस माझ्या पापणीवर उभी होती. हातावर नाही, पाठीवर नाही, पापणीवर. ही उजवी आणि ही डावी. मी उघडझाप केली की त्याचा दिवस भरायचा.

बसा ना. गडचिरोलीची गाडी आल्याशिवाय जाल कुठं? खुशाल, यांना चहा दे.

त्या माणसाचं नाव सुकलू. आमच्याच कोसंबटोल्याचा, ढिवर मोहल्ल्यातला, तिशीच्या आतला. तळ्यात जाळं फेकायचा तेव्हा पोरी पाणी भरायचं विसरायच्या, असा गडी. दोन वर्षांमागे चैतात भल्या पहाटे मोह वेचायला रानात गेला आणि अस्वलीच्या पुढ्यात निघाला. तिच्यासोबत पिल्लं होती. अस्वल माणसाला खात नाही, हे तुम्हाला माहीत असेल. ते फक्त चेहरा काढून घेतं. सुकलूचं नाक अर्धं राहिलं, एक गाल राहिला, डोळे गेले. नुसते डोळे नाही, पापण्यांसकट गेले. डॉक्टरांनी जिथं जमेल तिथं कातडी ओढून शिवून टाकली. मी दवाखान्यात पाहायला गेलो तेव्हा म्हणालो, "सुकलू, तुया आरशाचा खर्च वाचला लेका." सगळा वॉर्ड हसला. त्याची बायको गिरजा तेवढी हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

पण डोळे गेले आणि कान असे उघडले म्हणता! तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर बसून सांगायचा, आता मरळ वळली, आता शिंगाड्याच्या वेलात कासव शिरलं. बकरी ओरडली की कोणाच्या घरची आणि किती महिन्यांची गाभण, तेही सांगायचा. आष्टीच्या स्टँडवर ड्रायव्हरनं गाडी चालू केली की हा इथं मान वर करायचा. यातलं अर्धं मी वाढवून सांगितलं असं धरा. उरलेलं अर्धंही तुमच्यातल्या कोणाजवळ नाही. आणि बोली तीन. घरची आपली, शेजारच्या टोल्यावरची गोंडी आणि आईची तेलुगू, कारण आई सिरोंच्याची.

हे पलीकडचं दुकान दिसते ना, निळ्या पाटीचं? ते संघपालचं ऑनलाइन सेंटर. सातबारा, आधार, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथं. संघपाल स्वतः बी.ए., बी.एड.; नोकरी लागली नाही, म्हणून दुसऱ्यांच्या नोकरीचे फॉर्म भरतो. त्यानंच कुठून तरी शोधून काढलं, की नागपूरची एक संस्था दिव्यांगांना घरबसल्या फोनवर काम शिकवते आणि कामाला लावूनही देते. सुकलूचं नाव त्यानं घातलं. नूतन मॅडम म्हणून कोणी बाई रोज नागपुरातून शिकवायच्या. फोनच्या आत एक बाई स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवते. सुकलूनं महिनाभरात तिचा वेग इतका वाढवला, की आपल्याला ते तेलात जिरं तडतडल्यासारखं वाटायचं, आणि हा ऐकून मान हलवायचा. परीक्षेत पहिला आला. मग हैद्राबादच्या एका कंपनीनं त्याला मागून घेतलं.

काम कानाचं. कुठल्या कुठल्या गावांतल्या लोकांचं बोलणं भरून ठेवलेलं असायचं, गोंडीत, तेलुगूत, आपल्या बोलीत. ते ऐकायचं आणि माणूस काय म्हणाला ते मराठीत सांगायचं. यंत्राला माणसाची बोली शिकवायची होती म्हणे. नव्वद दिवस पाहणार, एक दिवस चुकायचा नाही, आणि मग पक्की नोकरी.

गिरजानं ते "पक्की" असं धरून ठेवलं होतं जसा पुरात खांब. दरवर्षी पौष लागला की ती मिरची तोडायला गोदावरीपल्याड तेलंगणात जायची. होळीनंतर परत यायची तेव्हा हात असे सुजलेले, की पाण्याचा गडवा तिला धरता येत नसे. त्या वर्षी तिनं मोहल्लाभर सांगून टाकलं, "यंदा मी नाई जात बाप्पा. याची नोकरी पक्की होऊन राह्यली."

आता पापणीवर येतो.

कामावर नाव चढवायचं त्या दिवशी मी इथंच चहा पीत होतो. संघपालनं सुकलूच्या तोंडासमोर फोन धरला. फोन म्हणाला, "कृपया चेहरा चौकटीत आणा." सुकलूनं तोंड पुढं केलं. फोन म्हणाला, "चेहरा आढळला नाही." संघपालनं फोन जवळ नेला, दूर नेला, उन्हात नेला, सावलीत आणला. चेहरा आढळला नाही. मग एकदा कसा कोण जाणे आढळला. तेव्हा फोनमधली बाई मोठ्या गोडीनं म्हणाली, "कृपया डोळ्यांची उघडझाप करा."

सुकलूनं विचारलं, "संघपाल, काय उघडू?"

मी इतका हसलो, की चहा नाकातून आला. हसू नका म्हणता? तुम्ही तिथं असते तर तुम्हीही हसले असते.

संघपालनं संस्थेला फोन लावले. नूतन मॅडम म्हणाल्या, यंत्र चेहरा घेत नाही असं मी वर कळवते. वरून पत्र आलं: आपली अडचण नोंदवली आहे, पंधरा दिवसांत उत्तर मिळेल. नाव चढवायची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत. दिव्यांगांसाठी बनवलेलं यंत्र, आणि ज्याला पापणी नाही असा दिव्यांग असू शकतो हे बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. साडेचार वाजता गिरजानं स्वतःचं तोंड पुढं केलं. फॉर्मवर पुरुष लिहिलेलं. यंत्रानं तिला घेतलं नाही. संघपालचा चेहरा सेंटरवाला म्हणून आधीच अडकलेला. खुशालच्या भट्टीवर दूध उतू चाललेलं. आणि हा चेहरा रोज लागणार होता. रोज सकाळी नऊ ते नऊ वाजून दहा मिनिटं, हजेरीची वेळ. गावातले सगळे गडी तेव्हा शेतावर नाहीतर कामावर. कोसंबटोल्यात सकाळी नऊ वाजता रिकामा पुरुष एकच, आणि तो तुमच्यासमोर बसला आहे.

मी म्हणालो, "माझं तोंड घ्या."

संघपाल म्हणाला, "उमाजीभाऊ, हे बरोबर नाई. अन् आज हो म्हणून उद्या पलटले तं याचं सगळं जाईन."

"माय मरो," मी म्हणालो. माझी माय मरून तीस वर्षं झाली होती, पण शपथ ती शपथ.

सुकलूनं माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझा आवाज जिकडे होता तिकडे, आणि हात जोडले. "भाऊ, तुमचं तोंड द्या."

मी दिलं. चौकटीत आणलं, उघडझाप केली. टिंग! सुकलू, वय अठ्ठावीस, पूर्ण अंध, आणि फोटो माझा. यंत्रानं मला अठ्ठावीस वर्षांचा मानलं. यंत्राला माणसाची पारख असते.

गावात रेंज एकाच ठिकाणी: तळ्याच्या पारीला लागून शेताचा जो धुरा आहे, तिथं रानडुकरं राखायला मचाण बांधलेली, तिच्यावर. सोळा पायऱ्यांची शिडी. माझे गुडघे गेलेले. मग काय करायचं? सुकलू मला पाठीवर घ्यायचा. खोटं नाही सांगत, रोज सकाळी पावणेनऊला तो आंधळा मला पाठकुळी घेऊन सोळा पायऱ्या चढायचा, आणि मी त्याच्या कानाशी सांगायचो, "पायरीचा डावा बांबू ढिला हाये, संभाळ." बांबू कुठलाच ढिला नव्हता. पण तो पाय चाचपायचा ते वरून पाहायला मजा वाटे.

पंधराव्या दिवशी नूतन मॅडमला चेहऱ्यानिशी बोलायचं होतं; आजवर त्यांनी सुकलूचा नुसता आवाज ऐकला होता. मी मचाणीवर फोनसमोर बसलो. सुकलू माझ्या पाठीमागं घोंगडं पांघरून. तो बोलायचा, मी ओठ हलवायचे. मॅडम म्हणाल्या, "सुकलू, काम जमतंय ना?" मागून आवाज, "जमते मॅडम." मी ओठ हलवले आणि वरून कपाळाला हात लावून नमस्कारही केला, माझ्या पदरचा. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावर किती समाधान आहे हो! घरच्यांना अभिमान वाटत असेल." त्यावर मागून काहीच आवाज नाही. मी तसाच ओठ हलवत बसलो. मॅडमला वाटलं रेंज गेली. तेवढ्यात माझ्या नाकावर माशी बसली आणि मी ती एका झडपेत पकडली. मॅडम थक्क. "तुम्हाला कळलं कसं?" घोंगड्यातून सुकलू म्हणाला, "आवाजावरून, मॅडम." मग मॅडम रडल्या. खरंच रडल्या. माझ्या चेहऱ्यावर आजवर एवढी मोठी बाई कधी रडली नव्हती.

त्या दिवसापासून मला माझ्या पापणीची किंमत कळली.

मी काही मागितलं नाही हो. लोक म्हणतात, उमाजीनं त्याला पिळलं. काय पिळलं? एक गोष्ट ऐकायला लावायचो, बस. मचाणीवर पोचलं, फोन सुरू झाला, नऊ वाजले, की मी गोष्ट सुरू करायचो. गोष्ट संपली की सुकलूनं म्हणायचं, "अरे बाप्पा!" मनापासून म्हणायचं, नुसतं तोंडदेखलं नाही. मग मी उघडझाप करायचो. आधी गोष्ट तीन मिनिटांची असायची. मग पाचाची झाली. मग मी माशाची शेपटी वाढवत वाढवत नऊ वाजून नऊ मिनिटांपर्यंत न्यायला लागलो. फोन दर मिनिटाला सांगायचा, आता एवढा वेळ उरला, आता एवढा. सुकलूच्या शिवलेल्या कपाळावर घाम जमायचा. शेवटी तो गोष्ट संपायच्या आधीच ओरडायचा, "अरे बाप्पा! अरे बाप्पा, भाऊ!" मी म्हणायचो, "थांब नं, अजून मासा पाण्यातच हाये."

गिरजा कधी कधी मरळीचं कालवण पाठवायची. मी मागितलं नव्हतं. एकदा सहज म्हणालो होतो, की मरळ खाल्ली नाही तर माझ्या डोळ्यांना पाणी येते आणि उघडझाप नीट होत नाही. भांडं माझ्या ओट्यावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता जायची. कालवणात मीठ बरोबर असायचं. पण तिची नजर मला आवडायची नाही.

असे दिवस चालले. आणि मग हळूहळू एक गोष्ट झाली, ती मात्र मी सांगणार नव्हतो. पण गाडी आलीच नाही तर सांगतो.

सुकलू दिवसभर कान लावून बसायचा आणि संध्याकाळी कोणाच्या तरी सायकलवर बसून इथं फाट्यावर यायचा. लोक विचारायचे, आज काय आयकलं? तो सांगायचा. रानातल्या कुठल्या गावची एक म्हातारी, धान कांडता कांडता सुनेला शिव्या देते आणि मधेच त्याच सुनेसाठी गाणं म्हणते. एक ढिवर, त्याचा डोंगा बुडाला तेव्हा त्यानं पहिल्यांदा काय वाचवलं, तर बिडीचं बंडल. कोणी एक पोरगी, शाळेतून घरी येताना रस्त्यात जे जे दिसलं ते नुसतं सांगत जाते, दहा मिनिटं. गावाचं नाव तो सांगत नसे, माणसाचं सांगत नसे. तशी बंदी होती म्हणे. पण आवाज हुबेहूब काढायचा. म्हातारीचा, ढिवराचा, पोरीचा. लोक हसायचे, कोणी डोळे पुसायचे. बाकावर जागा उरायची नाही.

एकोणनव्वदाव्या दिवशी, संध्याकाळी पाचची वेळ, मी इथं, याच जागेवर, खुराड्याची गोष्ट सांगत होतो. पूर आला होता, कोंबडी अंड्यावर बसली होती, आणि सायकल थांबली. सुकलू उतरला. आणि हा खुशाल, हाच, पाहा कसा खाली मान घालून कप धुते, हा मला म्हणाला, "थांबा जरा उमाजीभाऊ. सुकलू काय म्हणते ते आयकू द्या."

पंचेचाळीस वर्षांत मला कोणी थांबा म्हटलं नव्हतं. फॉरेस्टच्या साहेबानं नाही, पोलिसानं नाही. एकदा तर वीज पडली तरी माझी गोष्ट कोणी थांबवली नव्हती, वीज कडेनं गेली. आणि बाकावरच्या सगळ्यांनी, सगळ्यांनी हो, माझ्याकडची मान तिकडे वळवली. माझी कोंबडी पुरात राहिली.

सुकलू म्हणाला, "नाई नाई, भाऊचं होऊ द्या आधी." मोठ्या मनानं म्हणाला. ते मोठं मन मला जास्त लागलं.

मी म्हणालो, "सांग बाबू, तूच सांग. माझं काय, माझं रोजचंच हाये."

दुसरा दिवस नव्वदावा. त्या दिवशी हजेरी म्हणजे पक्कं होण्याची शेवटची पायरी. पहाटे गिरजा माझ्या ओट्यावर आली. पहिल्यांदा बोलली. "भाऊ, आज लवकर चाला."

मी म्हणालो, "तुमी व्हा पुढं. सुकलूले मचाणीवर पाठव. मी आंघोळ करून येतो. आज मोठा दिवस हाये, तोंड धुवाले पाह्यजे नं."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "तुमच्या पाया पडते." आणि खरंच पडली.

पुढचं तुम्ही ऐकलंच असेल, या फाट्यावर दुसरं बोलतात काय? नऊ वाजून दहा मिनिटांनी हजेरी बंद झाली. सुकलूचा नव्वदावा दिवस भरला नाही. त्यानं संध्याकाळी स्वतःच नूतन मॅडमला सगळं सांगितलं, की हजेरीतला चेहरा त्याचा नव्हताच. शहाणा असता तर गप्प बसला असता. मॅडमनी वर कळवलं. वरून आलं, की या उमेदवारानं एकोणनव्वद दिवस डोळ्यांची व्यवस्थित उघडझाप केली आहे, तो अंध नाही, त्यानं फसवणूक केली. संघपालनं त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट पाठवलं, फोटोसकट. वरून आलं, की सर्टिफिकेटावरचा चेहरा आमच्याकडच्या सुकलूशी जुळत नाही. म्हणजे जो आंधळा होता तो सुकलू नव्हता, आणि जो सुकलू होता त्याला दिसत होतं. असं उत्तर मला चाळीस वर्षं डोकं लावून सुचलं नसतं.

संघपाल माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, एक वेळा फोनवर मॅडमसमोर बसा. एवढंच म्हणा, की हे तोंड माझं हाये."

मी गेलो असतो. पण दुसऱ्याच्या नावानं तोंड दाखवलं म्हणून मलाच आत टाकलं तर? आणि त्या आठवड्यात माझा घसा बसला होता. तोंडाचं काम होतं, घशाचं नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

पौष लागला आणि गिरजा मिरचीला गेली. या खेपेला सुकलूही गेला. मागं ठेवून काय करायचं? म्हणतात, शेताच्या कडेला बसून तो मिरचीचे देठ खुडतो. आपण देठ खुडले तर डोळे झोंबतात, मिटून घेतो, संपलं. त्याला मिटायला काही नाही. शिवलेल्या कातडीत ती धग दिवसभर बसते म्हणे. तो तोंडाला ओलं फडकं बांधतो, फडकं सुकतं, पुन्हा ओलं करतो. हे मला तिकडून आलेल्या एका मुकादमानं सांगितलं, मी वाढवलेलं नाही.

आणि गाव माझ्याकडे पाहते! जसं काही मिरची मी लावली.

म्हणून त्या सकाळी काय झालं ते मी आज तुम्हाला सांगतो. गावानं ऐकून घेतलं नाही. तुम्ही परके आहात, तुम्ही तरी नीट ऐकाल.

ही कोणती गाडी आली? सिरोंचा-चंद्रपूर. तुमची नाही, बसा. उतरणारे उतरतील, धूळ उडेल, तिकडे पाहू नका. मी गोष्टीच्या ऐन गाभ्यात आलो आहे.

तर मी आंघोळ केली. पांढरं धोतर नेसलो. साडेआठला निघालो. घरापासून मचाण दहा मिनिटं, मध्ये तळ्याची पार. पारीवर पाय ठेवला आणि पाहतो तर काय, आडवा वाघ! केवढा? हे खुशालचं हॉटेल पाहा, पत्र्यासकट. एवढा. आणि गळ्यात पट्टा, फॉरेस्टवाले घालतात तो. पट्ट्यावर बारीक लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे वाघाला रेंज होती, आणि माझ्या गावाला नाही!

मी उभा, वाघ बसलेला. मला पळता आलं असतं, पण मी म्हटलं, नाही, सुकलूचा नव्वदावा दिवस आहे. वाघ माझ्या डोळ्यांत पाहते, मी वाघाच्या. म्हातारी माणसं सांगायची, की वाघासमोर ज्याची पापणी आधी मिटली तो गेला. मी मिटलीच नाही. आठ पन्नास झाले, आठ पंचावन्न झाले. डोळ्यांतून धारा. वाघाच्याही. तिकडे तळ्यात मासे वर येऊन पाहून राहिले. नऊ वाजले. नऊ पाच. वाघाची डावी पापणी थरथरली, मी म्हटलं आता हा पडते. पण त्यानं सावरलं. नऊ आठ. नऊ नऊ. आणि बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी वाघानं दोन्ही डोळे मिटले, उठला आणि शेपूट झटकून रानात गेला. मी जिंकलो. पण माझी त्या दिवसाची पापणी वाघावर खर्च झाली. आता सांगा, यात उमाजीचा दोष कुठं?

गोष्ट संपली, पण बाकावरचं कोणी हसलं नाही. खुशालनं कप धुणं थांबवलं होतं. तो मान वर करून माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागं पाहत होता. मी म्हटलं, या खुशालला गोष्ट लागली. गडचिरोलीच्या गाडीसाठी थांबलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईनं विचारलं, "मग तो मचाणीवरून तुम्हाला हाका मारत नव्हता का?"

"मारल्या असन," मी म्हणालो. "मले ऐकू आल्या असत्या तं मी वाघाच्या अंगावरून उडी मारून गेलो असतो, बाई. एकही हाक ऐकू नाई आली. आईची आन."

"वाघ-बिघ काई नव्हता, भाऊ."

आवाज माझ्या पाठीमागून, अगदी जवळून आला. त्यासोबत मिरचीचा वास आला. सुकलू होता. तोंडाला ओलं फडकं, एका हातात बोचकं, दुसरा हात गिरजाच्या खांद्यावर.

"तुमी मचाणीच्या खाली होते," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "पावणेनऊपासून होते. माचिसची पयली काडी ओली होती, दुसरी पेटली. मी वरून हाका मारून राह्यलो होतो, अन् तुमी खाली बसून बिडी पेऊन राह्यले होते."